उडो लिंडनबर्गचं रंगीबेरंगी प्रजासत्ताक

माझा भाचा सध्या पुण्यात जर्मन शिकतोय. नर्सिंगचा कोर्स झाला, दोन वर्षं एका खासगी दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या, आणि आता त्याला जर्मनीला जायचंय. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आमच्याकडे जर्मनीची चर्चा जरा जास्तच वाढलीय. सोलापूरच्या ज्या गल्लीत पूर्वी दुबई-सौदीच्या व्हिशाच्या गोष्टी चालायच्या, तिथली पोरं आता ‘डेर, डी, दास’ घोकत बसतात. एके दिवशी भाच्याचा फोन आला. “मामू, तुम्ही कुठली कुठली गाणी ऐकत असता. कान तयार होईल अशी काही जर्मन गाणी सांगा ना.”

मी त्याला उडो लिंडनबर्गचं नाव सांगितलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन. “मामू, हा माणूस गातो का गुळण्या करतो? क्लासच्या बाई म्हणाल्या, परीक्षेसाठी याचं अजिबात ऐकू नको.”

बाईंचं खरंच होतं. लिंडनबर्ग ओठ न उघडता, शब्द चघळत, अर्धे गिळत गातो. पण मला भाच्याला उच्चार शिकवायचेच नव्हते. लिंडनबर्गचा १९८९चा एक अल्बम आहे, त्याचं नाव त्याला कळावं एवढंच मला हवं होतं. ‘बुंटे रेपुब्लिक डॉइचलँड’. ज्या देशात तो कामाला चाललाय, त्या देशाने कामाला आलेल्यांचं काय केलं, याची अर्धी गोष्ट मला या नावात दिसते. उरलेली अर्धी अल्बमच्या आधी आणि नंतर घडली.

आधी नावाची गंमत सांगतो. पश्चिम जर्मनीचं अधिकृत नाव ‘बुंडेसरेपुब्लिक डॉइचलँड’, म्हणजे जर्मनीचं संघीय प्रजासत्ताक. पासपोर्टवर हेच, सरकारी कागदावर हेच. लिंडनबर्गने त्यातला ‘बुंडेस’ काढला आणि ‘बुंटे’ घातला. ‘बुंट’ म्हणजे रंगीबेरंगी. बोलताना दोन्ही शब्द इतके जवळ येतात की ऐकणाऱ्याला क्षणभर फरक कळत नाही, आणि कळल्यावर हसू येतं. राज्यघटनेला हात न लावता देशाचं नाव बदलून टाकायचा हा प्रकार. अल्बमचं शीर्षकगीत म्हणतं की तू कुठून आलास याने काही फरक पडत नाही, इथे राहतोस तर इथलाच. आज ऐकताना यात विशेष काय, असं वाटेल. १९८९च्या जर्मनीत ते विशेष होतं.

लिंडनबर्ग कोण, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण आपल्याकडे जर्मन रॉक म्हटलं की लोक फार तर ‘स्कॉर्पियन्स’पर्यंत पोचतात आणि ते तर इंग्रजीत गातात. लिंडनबर्गचा जन्म १९४६चा, ग्रोनाव नावाच्या गावचा. हे गाव नेदरलँड्सच्या हद्दीला खेटून आहे आणि एके काळी कापडगिरण्यांवर जगायचं. सोलापूरकराला एवढं सांगितलं की पुरे, बाकीचं गाव त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहतं. हा पोरगा ड्रम वाजवायचा. पुढे क्लाउस डोल्डिंगरसारख्या नामवंत जॅझवाल्यांबरोबर वाजवला. १९७१चा स्वतःचा पहिला अल्बम त्याने इंग्रजीत केला, तो पडला. मग त्याने ठरवलं की आता जर्मनमध्येच गायचं. तेव्हा जर्मन भाषा एक तर गुळगुळीत बाजारी प्रेमगीतांची किंवा शाळा-कचेरीची होती. युद्धानंतर जन्मलेल्या पिढीला तर त्या भाषेत बापाच्या पिढीचे हुकूम ऐकू यायचे. रॉक म्हणजे इंग्रजी, हे ठरलेलं. लिंडनबर्गने रस्त्यावरचं, दारूच्या गुत्त्यातलं, थट्टेखोर जर्मन उचललं आणि १९७३च्या ‘आंद्रेआ डोरिया’ अल्बमने तो घराघरात पोचला. हॅट, काळा चष्मा, सिगार आणि ‘पानिकओर्केस्टर’ नावाचा बँड. हे सोंग त्याने पन्नास वर्षं उतरवलेलं नाही.

भारतात कुणाला त्याची गोष्ट माहीत असलीच तर ती पूर्व जर्मनीशी जोडलेली असते. पूर्व बर्लिनमध्ये आपल्याला गाऊ देत नाहीत म्हणून त्याने १९८३ साली थेट तिथल्या राष्ट्रप्रमुखाची, एरिश होनेकरची, टिंगल करणारं गाणं काढलं. चाल घेतली ‘चॅटनूगा चू चू’ या जुन्या अमेरिकन गाण्याची. गाणं तुफान चाललं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला पूर्व बर्लिनच्या सरकारी प्रासादात गायला बोलावणं आलं. अट एकच, ते गाणं म्हणायचं नाही. समोर बसवलेले श्रोते पक्षाच्या युवक संघटनेने निवडलेले. खरे चाहते बाहेर रस्त्यावर, पोलिसांच्या गराड्यात. पुढच्या वर्षी ठरलेला दौरा सरकारने रद्द केला. १९८७ साली होनेकर पश्चिम जर्मनीत आला तेव्हा लिंडनबर्गने त्याला भर रस्त्यात गिटार भेट दिली, त्याआधी चामड्याचं जॅकेटही पाठवलं होतं. होनेकरने परतभेट म्हणून एक फुंकवाद्य पाठवलं. हे सगळं गमतीचं आहे, आणि म्हणूनच जर्मन टीव्हीवर हेच पुन्हा पुन्हा दाखवतात. भिंतीपलीकडच्या जर्मनांची आठवण ठेवणारा गायक, ही त्याची ओळख पक्की झाली. भिंतीच्या अलीकडे जे परके राहत होते, त्यांच्यावरच्या अल्बमची आठवण त्या मानाने कमी निघते.

ते परके तिथे आले कसे?

युद्धानंतर पश्चिम जर्मनीचे कारखाने धडाक्यात सुरू झाले आणि माणसं कमी पडायला लागली. १९५५ साली इटलीशी करार झाला, मग स्पेन, ग्रीस. १९६१च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून येणारे कामगार एका रात्रीत थांबले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानशी करार झाला. इस्तंबूलच्या भरती कार्यालयात अनातोलियाच्या खेड्यांतले तरुण रांगेत उभे राहायचे. दात बघायचे, रक्त-लघवी तपासायचे, हात किती राकट आहेत तेही बघायचे. पास झालेल्यांना तीन दिवसांच्या रेल्वेप्रवासाला बसवायचे. त्यांना नाव दिलं ‘गास्टआर्बायटर’, पाहुणे कामगार. पाहुणा म्हटला की तो परत जातो. तुर्की कामगारांसाठी सुरुवातीला दोन वर्षांची मुदत होती. ती मुदत काढून टाका असा आग्रह पुढे कारखानदारांनीच धरला, कारण शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी घालवायचा आणि नवा आणायचा, हे त्यांना परवडत नव्हतं. १९६४ साली अट गेली.

त्याच १९६४च्या सप्टेंबरमध्ये कोलोन-डॉइट्स स्टेशनवर दहा लाखावा पाहुणा कामगार उतरला. पोर्तुगालचा सुतार, आर्मांदो रॉड्रिग्ज द सा. लाउडस्पीकरवर आपलं नाव पुकारलेलं ऐकून तो घाबरला, परत पाठवतायत की काय असं त्याला वाटलं. पण स्वागत होतं. बँड, फुलं आणि बक्षीस म्हणून एक मोपेड. तो फोटो जर्मनीच्या प्रत्येक शालेय पुस्तकात असावा इतका प्रसिद्ध आहे. टोपी घातलेला, बावरलेला माणूस मोपेडवर बसलाय आणि भोवती कोटवाले हसतायत. पुढे हा माणूस आजारी पडून गावी परतला आणि १९७९ साली कॅन्सरने गेला. मोपेड बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि २३ नोव्हेंबरला जर्मनीने भरती बंद केली. झालं उलटंच. एकदा गेलो तर परत येता येणार नाही या भीतीने लोकांनी गावाकडून बायकामुलं आणली. पाहुण्यांची बिऱ्हाडं झाली, मुलं तिथल्या शाळेत जायला लागली. १९८३ साली सरकारने आणखी एक युक्ती केली. जो कायमचा परत जाईल त्याला १०,५०० मार्क रोख. काही गेले, बहुतेक राहिले. अल्बम आला तेव्हा पश्चिम जर्मनीत सुमारे १६ लाख तुर्की नागरिक होते.

‘नागरिक’ हा शब्द इथे नीट वाचावा. ते तुर्कस्तानचे नागरिक होते. बर्लिनच्या इस्पितळात जन्मलेलं, बर्लिनच्या शाळेत शिकलेलं, जर्मनशिवाय दुसरी भाषा धड न येणारं पोरही कागदावर परदेशीच. कारण जर्मनीचा नागरिकत्वाचा कायदा १९१३चा, रक्तावर चालणारा. बाप जर्मन तर मूल जर्मन. जमीन कुठली, हा प्रश्नच नाही. मला सोलापूरचा पूर्व भाग आठवतो. तिथे हातमागावर काम करायला तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं आली. त्यांच्या नातवंडांना कुणी ‘तुम्ही पाहुणे’ म्हणत नाही, नगरसेवकही त्यांच्यातूनच होतात. मान्य, एका देशातलं स्थलांतर आणि दोन देशांतलं, हे एक नव्हे. पण तिसऱ्या पिढीलाही पाहुणा म्हणत राहायचं, तर त्यासाठी कायदाच लागतो.

आता गाण्यांकडे परत येतो, कारण लिंडनबर्गच्या अल्बमकडे बघताना त्याच्या पाच वर्षं आधीचा आणखी एक अल्बम शेजारी ठेवायला हवा. जेम काराजा हे तुर्की रॉकमधलं मोठं नाव. जन्म १९४५चा, म्हणजे लिंडनबर्गपेक्षा एक वर्षाने मोठा. आई आर्मेनियन, बाप अझेरी मुसलमान, दोघं रंगभूमीवरचे. डाव्या विचारांची गाणी गातो म्हणून तो अंकाराच्या डोळ्यात खुपत होता. १९७९ साली तो जर्मनीत गेला, पुढच्या वर्षी तुर्कस्तानात लष्कराने सत्ता घेतली आणि १९८३ साली त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. आता हा ना तुर्की ना जर्मन. या अवस्थेत त्याने १९८४ साली जर्मन भाषेत अल्बम केला. नाव, ‘डी कानाकेन’. ‘कानाके’ ही तिथे तुर्कांना, एकूणच काळ्या केसांच्या परक्यांना दिली जाणारी शिवी. रस्त्यावर जो शब्द तोंडावर फेकला जायचा, तोच त्याने कव्हरवर छापला.

दोन अल्बम, दोन्ही जर्मनमध्ये, दोन्ही एकाच विषयावर. एकाचं नाव शिवी, दुसऱ्याचं इंद्रधनुष्य. इंद्रधनुष्यवाल्याला आधीपासून लाखोंचा श्रोता होता. शिवीवाल्याला जर्मनांनी फारसं ऐकलं नाही, १९८७ साली तो तुर्कस्तानात परतला आणि २००४ साली वारला. यात लिंडनबर्गचा दोष मी काढत नाही. ज्याच्याकडे माईक आहे त्याने तो कशासाठी वापरला एवढंच बघायचं, आणि त्याने चांगल्यासाठी वापरला. पण ‘जर्मनीला तिच्या परक्यांबद्दल लिंडनबर्गने गाऊन सांगितलं’ असं कुणी लिहिलं की मला खटकतं. परके स्वतः गात होते. कोलोनच्या ‘तुर्क्युओला’ कंपनीच्या कॅसेट तुर्की किराणा दुकानांतून विकल्या जायच्या. युकसेल ओझकासाप या बाईला तर ‘कोलोनची बुलबुल’ म्हणायचे. ओझान अता जनानी नावाच्या पोराने विशीच्या आतच बाग्लामा या तुर्की तंतुवाद्यावर जर्मन शब्दांचं गाणं बांधलं, पाहुण्या कामगारांवर आणि त्यांच्या मुलांवर. ते जर्मन श्रोत्यांपर्यंत नीट पोचलं २०१३ साली, जेव्हा अशा जुन्या गाण्यांचा एक संग्रह निघाला. तीस-पस्तीस वर्षांनी. ही सगळी गाणी जर्मनीतच झाली, पण ती जर्मन संगीत मानली गेली नाहीत. लिंडनबर्गच्या रंगीबेरंगी प्रजासत्ताकाचे रहिवासी त्याच्या आधीपासून तिथेच, पुढच्या गल्लीत, लग्नाच्या हॉलमध्ये गात होते.

तरीही १९८९ साली ते नाव घेणं सोपं नव्हतं. जानेवारीत पश्चिम बर्लिनच्या निवडणुकीत ‘रेपुब्लिकानर’ हा परक्यांविरुद्धचा पक्ष साडेसात टक्के मतं घेऊन सभागृहात घुसला. पुढारी फ्रान्झ शोनहुबर, पूर्वीचा वाफेन-एसएसवाला आणि नंतरचा टीव्ही पत्रकार. जूनमध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीतही या पक्षाने सात टक्के ओलांडले. पक्षाच्या नावातही ‘रेपुब्लिक’च होतं. प्रजासत्ताक हा शब्द त्यांनी पळवला होता, तो लिंडनबर्गने परत आणला आणि त्यापुढे रंग जोडला. मला त्या नावातली खरी धार इथे दिसते. नुसतं ‘रंगीबेरंगी जर्मनी’ म्हटलं असतं तर ती पर्यटन खात्याची जाहिरात झाली असती. ‘रंगीबेरंगी प्रजासत्ताक’ म्हटलं की प्रश्न मताचा, हक्काचा, मतदारयादीतल्या नावाचा होतो.

त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला भिंत पडली. आणि सगळा देश एकाच रंगसंगतीत, काळ्या-लाल-सोनेरी झेंड्यात गुंडाळला गेला. पूर्वेतल्या मोर्चांची घोषणा आधी होती ‘आम्हीच जनता’, म्हणजे हुकूमशहांनो, तुम्ही नव्हे. काही आठवड्यांत ती झाली ‘आम्ही एकच जनता’, म्हणजे पूर्व-पश्चिमेचे जर्मन एक. या ‘एका’त बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागातले तुर्क कुठे बसणार? भिंतीच्या सावलीत तर तेच राहत होते, कारण तिथे भाडं कमी होतं. तिथे श्प्रे नदीचं पूर्ण पात्र पूर्वेच्या ताब्यात होतं. काठावर खेळताना पाण्यात पडलेल्या मुलाला वाचवायला पश्चिमेकडून उडी मारली तर पलीकडचे पहारेकरी गोळी घालतील, ही भीती. १९६६ ते १९७५ या काळात पाच मुलं अशी बुडाली. शेवटचं मूल पाच वर्षांचं, तुर्की कुटुंबातलं. भिंतीने घेतलेल्या बळींत त्यांची नावं आहेत. भिंत पडल्याच्या जल्लोषात मात्र त्यांचे आईबाप परक्यांतच मोजले गेले.

जून १९९०मध्ये ड्रेस्डेनच्या नोयश्टाट वस्तीत पोरासोरांनी ‘बुंटे रेपुब्लिक नोयश्टाट’ जाहीर केलं. नावातली कोटी तीच. स्वतःचं हंगामी सरकार, स्वतःचं चलन, झेंड्यावर मिकी माउस. पुढच्याच आठवड्यात पूर्वेत पश्चिमेचा मार्क लागू व्हायचा होता, त्याची ही थट्टा. आजही तिथे दरवर्षी त्या नावाने जत्रा भरते. ‘बुंट’ हा शब्द जत्रेत छान रुळला. पोस्टरवर रुळला, शाळेच्या भिंतीवर रुळला. गावोगावचे डावे-उदारमतवादी लोक ‘आमचं गाव बुंट आहे’ अशा पाट्या लावतात. आपल्याकडे २६ जानेवारीच्या चित्ररथावर सगळे पेहराव दिसतात, आणि २७ तारखेला भाड्याचं घर शोधायला गेलं की आडनाव विचारतात. तसंच काहीसं.

पुढची चार वर्षं फार वाईट गेली. १९९१च्या सप्टेंबरमध्ये होयर्सवेर्डा. १९९२च्या ऑगस्टमध्ये रोस्टॉक-लिश्टेनहागेन, जिथे व्हिएतनामी कामगार राहत असलेली इमारत जमावाने पेटवली आणि शेजारपाजारचे लोक टाळ्या वाजवत होते. आतले शंभरहून जास्त लोक छपरावरून कसेबसे सुटले. १९९२ची २३ नोव्हेंबर, म्हणजे भरतीबंदीला बरोबर १९ वर्षं झाली त्या दिवशी, मोल्न या छोट्या गावात दोन घरांना आग लावली. बहिदे अर्सलान ही आजी, तिची दहा वर्षांची नात येलिझ आणि चौदा वर्षांची आयशे यिल्माझ जळून गेल्या. आग लावणाऱ्यांनी स्वतः अग्निशमन दलाला फोन केला आणि हिटलरचा जयजयकार करून ठेवला. चॅन्सेलर हेल्मुट कोल शोकसभेला गेले नाहीत. त्यांच्या प्रवक्त्याने त्यावर ‘शोकपर्यटन’ अशा अर्थाचा शब्द वापरला.

मोल्नची एक गोष्ट मला अलीकडे कळली आणि ती डोक्यातून जात नाही. आगीनंतर जर्मनीभरातून त्या कुटुंबांना पत्रं आली. शेकड्यांनी. शाळकरी मुलांनी चित्रं काढून पाठवली, म्हाताऱ्यांनी थरथरत्या अक्षरात लिहिलं. बरीच पत्रं नगरपालिकेच्या पत्त्यावर आली. ती कुटुंबांपर्यंत पोचलीच नाहीत. गावाच्या दप्तरखान्यात नीट फाइल लावून ठेवली गेली. २०१९च्या सुमारास कुणी अभ्यासाला तिथे गेलं, तेव्हा ती सापडली आणि वाचलेल्यांना समजलं की तेव्हा कुणीतरी आपल्याला लिहिलं होतं. २०२५ साली या पत्रांवर माहितीपटही आला. लिंडनबर्गने ज्या देशाचं नाव ठेवलं, तो देश खोटा नव्हता. म्युनिकच्या रस्त्यावर डिसेंबर १९९२मध्ये लाखो लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले होते. पण तो देश या कुटुंबांच्या दारापर्यंत पोचला नाही, मधल्या कचेरीत अडकून पडला.

मोल्ननंतर सहा महिन्यांनी झोलिंगेन. २६ मे १९९३ला संसदेने आश्रयाच्या हक्काला कात्री लावली आणि २९ मेच्या पहाटे गेन्च कुटुंबाचं घर पेटलं. मेव्हल्यूदे गेन्च या बाईच्या दोन मुली, दोन नाती आणि एक भाची गेल्या. सर्वांत लहान चार वर्षांची. या बाईने त्यानंतर जी पहिली गोष्ट सांगितली ती द्वेष करू नका अशी. ती शेवटपर्यंत, २०२२पर्यंत, झोलिंगेनमध्येच राहिली. नंतर तिने जर्मन नागरिकत्व घेतलं. त्या कुटुंबाचं सगळं आयुष्य त्या गावात गेलं होतं, तरी ते इतकी वर्षं ‘परदेशी’च होते.

कायदा बदलायला २००० साल उजाडलं. १ जानेवारी २०००पासून जर्मनीत जन्मलेल्या परदेशी आईबापांच्या मुलाला, काही अटींवर, जन्मानेच नागरिकत्व मिळू लागलं. अल्बमनंतर अकरा वर्षांनी. रंग लोकांनी आधीच उचलले होते, प्रजासत्ताकाला मात्र इतका वेळ लागला. आणि कायदा आला म्हणून नजर बदलली असंही नाही. त्याच २०००च्या सप्टेंबरपासून एका नवनाझी टोळीने एकेक करून लहान दुकानदार मारायला सुरुवात केली. आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक, आणि शेवटी एक पोलीस शिपाई बाई. २०११पर्यंत पोलीस मारले गेलेल्यांच्याच घरच्यांवर संशय घेत राहिले आणि वर्तमानपत्रं या खुनांना ‘डोनर-खून’ म्हणत राहिली. डोनर हा तिथला तुर्की कबाब. ‘बुंट’मधला सगळ्यात लाडका रंग तोच.

लिंडनबर्गचे शब्द राष्ट्राच्या व्यासपीठावर पोचले ते २०१० साली. २ जुलैला क्रिस्तियान वुल्फ यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि भाषणात ‘बुंटे रेपुब्लिक डॉइचलँड’ हेच शब्द वापरले. एका रॉक गायकाची कोटी, आणि पुराणमतवादी पक्षातून आलेले राष्ट्राध्यक्ष ती संसदेत उच्चारतायत. तीन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, जर्मन एकीकरणाच्या विसाव्या वर्धापनदिनी ब्रेमेनमध्ये ते म्हणाले की आता इस्लामही जर्मनीचा भाग आहे. केवढा गदारोळ उठला. जुलैतला ‘बुंट’ लोकांनी कौतुकाने ऐकला होता, कारण रंगाला आक्षेप कोण घेणार? ऑक्टोबरमध्ये रंगाचं नाव सांगितलं, आणि वाद पेटला. काही आठवड्यांपूर्वीच थिलो झाराझिन यांचं मुसलमान स्थलांतरितांविरुद्धचं पुस्तक आलं होतं आणि हातोहात खपत होतं. ऑक्टोबरच्या मध्यात चॅन्सेलर मर्केल म्हणाल्या की बहुसांस्कृतिकतेचा प्रयोग पार फसला. वुल्फ यांचं वाक्य मला त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीतलं सगळ्यात धाडसी वाटतं. दीड वर्षाने वेगळ्याच प्रकरणात त्यांना राजीनामा द्यावा लागला. वाक्य तिथेच राहिलं. आजही दर दोन-चार वर्षांनी कुणी मंत्री उठून त्याचं खंडन करतो.

लिंडनबर्ग अजून गातोय. जानेवारी २०२३मध्ये, वयाच्या ७६व्या वर्षी, त्याचं ‘कोमेट’ हे गाणं आलं. जोडीला ‘अपाचे २०७’ नावाचा पंचविशीतला रॅपर, लुडविग्जहाफेन या रासायनिक कारखान्याच्या शहरात वाढलेला, तुर्की वंशाचा. गाणं यादीत २१ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. जर्मनीत एवढा काळ दुसरं कुठलंच गाणं टिकलेलं नाही, आणि लिंडनबर्गचंही हे पहिलंच एक नंबरचं गाणं. पन्नास वर्षं गाऊनही हा मान त्याला एकट्याला मिळाला नव्हता. गाण्यात स्थलांतराचा विषय नाही, एकात्मतेचा उपदेश नाही. आपण गेल्यावर मागे काय उरेल, असं दोन पुरुष एकमेकांशी बोलतात. एक म्हातारा, एक तरुण. माझ्या मते हे गाणं १९८९च्या शीर्षकगीतापेक्षा सरस आहे, कारण यात कुणी कुणाला सामावून घेत नाही. जेम काराजाने ऐकलं असतं तर काय म्हणाला असता, असं राहून राहून वाटतं.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं, अर्थात इतकं नाही. आग आणि पत्रांचं सांगताना तो गप्प झाला. फेब्रुवारी २०२५च्या निवडणुकीत परक्यांविरुद्धच्या ‘आएफडे’ पक्षाला वीस टक्क्यांहून जास्त मतं पडली, हे त्याला आधीच माहीत होतं. क्लासमधल्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुठल्या राज्यात किती टक्के, याचा नकाशाच फिरत होता म्हणे. नर्स हव्यात म्हणून जाहिरात देणारी इस्पितळं आणि तो नकाशा, दोन्ही शेजारी ठेवून पोरं शहर निवडतायत. मी विचारलं, “मग काय ठरवलंस?”

तो म्हणाला, “जाणार मामू. इथे रात्रपाळीचे किती देतात तुम्हाला माहितीय.” मग जरा थांबून, “ते रंगाचं तुम्ही सांगितलं ते ठीकय. पण पाच वर्षांनी पासपोर्ट मिळतो ना? आधी आठ लागायची, २०२४ला पाच केली म्हणे. आणि हल्ली जुनी नागरिकता जर्मनी सोडायला लावत नाही, पण आपला भारत दोन ठेवू देत नाही. मग अम्मीला काय सांगायचं?”

त्याची बी-वन परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. बाईंनी ऐकण्याच्या सरावासाठी बातम्या लावायला सांगितल्यात.